कोचावर चढू नये

ता. १८ डिसेंबर १९५५, रविवार

घरात कुत्रा आला. माझ्या मर्जीविरुद्ध आला, एवढे इथे लिहून ठेवतो.

बकुळेने आणला. परळच्या कोणा मैत्रिणीच्या चाळीत पाच पिल्ले झाली, चार गेली, हे उरले. पाचएक महिन्यांचे, काळे कुळकुळीत. नाव भुंग्या. मी नाहीच म्हणणार होतो. पण आमची ही एकुलती एक मुलगी गेला महिनाभर कोणाशी धड बोललेली नाही. २१ नोव्हेंबरला फाउंटनला गोळीबार झाला, त्या दिवशी ती कॉलेजातून चालत घरी आली. डोळे लालभडक, सुजलेले. "डोळे आलेत," म्हणाली. डोळे दोन दिवसांत निवळले, पण तोंड मिटले ते मिटलेच. आज महिन्याने पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितले, तर नाही कसे म्हणायचे?

अट मात्र घातली. कुत्रा खाली राहील. कोचावर चढता कामा नये.

हा कोच आमचे जुने साहेब बदली होऊन जाताना मला देऊन गेले. हिरव्या बुट्टीदार कापडाचा. गिरगावात मुगभाटातल्या आमच्या दोन खोल्यांपैकी बाहेरची निम्मी त्यानेच भरली आहे. चाळीत दुसऱ्या कोणाकडे कोच नाही.

ता. १९ डिसेंबर, सोमवार

कचेरीतून आलो तो महाराज कोचावर. हाक मारली. शेपटी हलवत जवळ आला, तेव्हा वर्तमानपत्राची गुंडाळी करून दोन हाणल्या. जागच्या जागी मुतला. बकुळेच्या आईने, राधाबाईने, फरशी पुसली आणि म्हणाली, "अहो, तो तुमच्याजवळ आला होता ना?"

म्हटले, म्हणूनच तर सापडला.

ता. २२ डिसेंबर, गुरुवार

चार दिवसांत नऊ वेळा चढला. आता मी हाक मारली की कॉटखाली जातो.

आमच्या कचेरीतला शिपाई लवू पूर्वी मलबार हिलवर एका बंगल्यात कुत्री सांभाळत असे. आज त्याला सहज विचारले. तो हसला नाही, हे बरे केले.

"भाऊसाहेब, बोलावून मारलंत का त्याला?"

"मारलं."

"तिथंच चुकलं. आला म्हणून मार बसला, असं त्याला वाटतं. आता तो येणार नाय. चढताना दिसला तर तिथंच अडवायचं. एकच शब्द, एकदाच. 'खाली.' घरातल्या सगळ्यांनी तोच शब्द. उतरला की शाबासकी. आणि त्याला त्याची जागा द्या, गोणपाट टाका. बसायला जागा नसली तर कोणीपण दुसऱ्याच्या जागेवर बसणारच."

"आणि तरी चढला तर?"

"तर परत 'खाली'. तुम्ही थकायच्या आधी तो थकला पायजे."

बावीस वर्षे सरकारी नोकरी केली, पण हाताखालच्यांना कामाला लावण्याची इतकी सोपी रीत मला कोणी सांगितली नव्हती.

ता. २७ डिसेंबर, मंगळवार

प्रगती. दाराशी गोणपाट घातले आहे. "खाली" म्हटले की उतरतो. राधाबाईच्या हातून भाकरीचा तुकडा मिळतो. माझ्या हातून अजून घेत नाही. तुकडा ठेवून मागे सरकावे लागते.

ता. ३ जानेवारी १९५६, मंगळवार

विचित्र प्रकार. कॉट, खुर्ची, सगळे सोडले. कोचाची उजवी बाजूही सोडली. डाव्या कोपऱ्याचा मात्र हट्ट सुटत नाही. वर चढून पंज्यांनी खरवडतो, नाक खुपसतो. तिथली शिवण उसवली होती, ती बकुळेने जाड दोऱ्याने स्वतःहून घातली आहे. कामसू मुलगी. मला सांगितलेही नाही.

दुसरे असे की आठ दिवसांत कणीक संपली. कुत्र्याला पोळ्या चारतात की काय दोघी? राधाबाई म्हणाली, "बकुळा कॉलेजच्या तक्त्यांसाठी खळ करते." कॉलेजात इतके कसले तक्ते चिकटवतात?

ता. ८ जानेवारी, रविवार

आज निकाल दिला. संक्रांतीला राधाबाईचा भाऊ गंगाधर आणि त्याची बायको कमळाबाई दादरहून तिळगूळ घ्यायला यायचे आहेत. त्या दिवशी कुत्रा कोचावर चढला, तर दुसऱ्या दिवशी घराबाहेर. बकुळेने ऐकून घेतले. नंतर म्हणाली, "मी लवूदादांच्या घरी जाऊन येते वरळीला. त्याच्या डाव्या कोपऱ्याचं विचारते."

"शिपायाच्या घरी कशाला? मी उद्या कचेरीत विचारीन."

"मग रमाबाईंना विचारते. त्यांच्या बायकोला."

वरळीच्या बी.डी.डी. चाळींपर्यंत गेली आणि दिवेलागणीला परत आली. हातातली कापडी पिशवी जाताना फुगलेली होती, येताना रिकामी. राधाबाईने जुनेर वगैरे दिले असावे. डाव्या कोपऱ्याबद्दल रमाबाई काय म्हणाल्या ते विचारले, तर म्हणाली, "लक्षात नाही."

लक्षात राहात नाही म्हणजे काय? कोणी मुलगा असावा, अशी मला शंका येऊ लागली आहे. राधाबाईशी बोललो. ती गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्हांला वाटतं तसं काही नाही." इतकी खात्री हिला कशी?

ता. १४ जानेवारी, शनिवार. संक्रांत

कुत्रा पास झाला. गंगाधर डाव्या कोपऱ्यातच बसला होता, तरी भुंग्या गोणपाटावरून हलला नाही. कमळाबाईंनी कौतुक केले. आणि मी मात्र आजचा दिवस नासवला.

बकुळा तीनला घरी यायची, ती साडेसहाला आली. जिन्यावर पावले ऐकून मी हाक मारली, "बकुळा, इकडे ये आधी." सरळ आत आली, माझ्यासमोर उभी राहिली.

"कुठं होतीस?"

"परळला. सभा होती."

"कसली?"

"मुंबईची, अप्पा. आपली मुंबई आपल्याला मिळावी म्हणून."

काहीतरी थाप मारली असती तर पाहुण्यांदेखत मी हसून सोडून दिले असते. ती खरे बोलली आणि माझा हात उठला. गंगाधर खाली बघत राहिला. ती रडली नाही. गालाला हात न लावता आत गेली.

मी सरकारचे मीठ खातो. उद्या कोणी वर कळवले तर? हे मी तिला समजावून सांगू शकलो असतो. सांगितले नाही. उद्यापासून कॉलेज सोडून कुठे जायचे नाही, एवढेच दाराबाहेरून सांगितले.

ता. १६ जानेवारी, सोमवार

रेडिओवर जाहीर झाले. मुंबई महाराष्ट्राला नाही. दिल्लीच्या ताब्यात राहील.

गॅलरीत सगळी चाळ उभी होती. वरच्या मजल्यावरचे बुधाजी, मिलमधून निवृत्त झालेला माणूस, पंचाने डोळे टिपत होते. मी आत आलो. सरकारी नोकराने अशा वेळी गॅलरीत दिसू नये.

बकुळेला दोनदा हाक मारली. आली नाही.

ता. १७ जानेवारी, मंगळवार

ट्राम बंद. कचेरीतून चालत निघालो. ठाकुरद्वारला रस्ताभर दगड आणि काचा. मग धूर. डोळ्यांत तिखट गेल्यासारखी आग झाली. एका दुकानाच्या फळीआड उभा राहिलो, कोणीतरी ओला रुमाल दिला. घरी येऊन आरशात पाहिले. डोळे लालभडक, सुजलेले.

डोळे आले होते म्हणे!

राधाबाई दारातच होती. "बकुळा सकाळी गेली ती आली नाही."

"कुठं गेली?"

"मला सांगून गेली नाही. पहिल्यांदाच."

पहिल्यांदाच, म्हणजे आजवर हिला सांगून जात होती. पण भांडायला अंगात त्राण नव्हते. संध्याकाळी गोळीबाराचे आवाज आले. आधी फटाके वाटले. संचारबंदी लागली आहे.

ता. १८ जानेवारी, बुधवार

आज जे घडले ते नीट क्रमाने लिहितो.

सकाळपासून भुंग्या अस्वस्थ होता. बाहेर आवाज झाला की केकाटायचा. दुपारी बाराच्या सुमारास एकदम उठून कोचाच्या डाव्या कोपऱ्यावर चढला आणि शिवण दातांत धरून ओढली. मी "खाली" म्हणेपर्यंत कापड टरकले. काथ्या बाहेर आला. काथ्याबरोबर एक फडके, वाळलेल्या खळीने कडक झालेले. फडक्यात कागद. शाईने काढलेली पत्रके, दोनेकशे असतील. संयुक्त महाराष्ट्राची. अक्षर बकुळेचे. स्टेन्सिलवर काढले असले तरी तिचे अक्षर मी ओळखणार नाही?

कणकेच्या वासाने कुत्रा तीन आठवडे त्या कोपऱ्यावर जात होता आणि मी त्याला शिस्त लावत होतो.

"तुला माहीत होतं," मी राधाबाईला म्हणालो.

"होतं."

"मला का नाही सांगितलंत तुम्ही दोघींनी?"

ती सुटलेले कागद गोळा करू लागली.

शेगडी पेटलेली होती. मी गठ्ठा उचलला. तेवढ्यात गॅलरीत बुटांचे आवाज आले. कोणी वरून दगड टाकले होते म्हणून पोलीस एकेक खोली बघत येत होते. कागद जाळायला वेळ नव्हता, धूर आणि वास तर दडलाच नसता. दोघांनी मिळून गठ्ठा परत भोकात कोंबला आणि मी त्यावर बसलो. दार वाजले.

एक इन्स्पेक्टर आणि दोन हवालदार. इन्स्पेक्टर तरुण, मराठीच, चेहरा दमलेला. हवालदारांनी ट्रंक उघडली, कॉटखाली पाहिले.

"घरात पुरुष माणूस कोण?"

"मीच." नाव सांगितले, कचेरी सांगितली. त्याने टिपून घेतले. मग जमिनीवरच्या काथ्याकडे पाहिले.

"हे काय?"

"कुत्र्यानं कोच फाडला."

"कुठाय कुत्रा?"

भुंग्या दाराशी गोणपाटावर बसला होता. पुढचे पाय जुळवून, मान ताठ. पोलीस येताच मी "खाली" ओरडलो होतो आणि तो शहाण्यासारखा आपल्या जागेवर गेला होता.

"हा?" इन्स्पेक्टर म्हणाला. "हा तर फार सालस दिसतोय. जरा उठता का?"

मी उठलो नाही. माझ्या मांडीखाली कागद कुरकुरत होते. त्याला ऐकू जात असतील असे वाटले.

"भुंग्या," मी म्हणालो, "वर ये."

तो उठून उभा राहिला. कान पाडले. माझ्याकडे, मग कोचाकडे पाहिले. जागचा हलला नाही. महिनाभर ज्याने अडवले तोच आता बोलावतो आहे, हे त्याला कळेना.

"ये रे. वर ये."

पोट जमिनीला घासत आला. दोन पंजे कोचावर ठेवले आणि थांबला. त्याला थोपटावे म्हणून मी हात उचलला, तर त्याने डोळे मिटून घेतले. मार येणार असे समजला. मिटल्या डोळ्यांनीच वर चढला. चढल्यावर मात्र वासाने राहवले नाही. माझ्या मांडीखाली नाक घालून काथ्या ओढू लागला. काथ्याबरोबर एका कागदाचा पांढरा कोपरा वर आला. मी कुत्र्याला दोन्ही हातांनी छातीशी धरले आणि कोपऱ्यावर दाबून बसलो. तो थरथरत होता.

इन्स्पेक्टर हसला. "चांगलं शिकवलंय! घरात अजून कोण?"

"मुलगी. मामाकडे गेली आहे, दादरला. संक्रांतीची."

सरकारी माणसाला मी आयुष्यात सांगितलेले हे पहिले खोटे. जराही अडखळलो नाही.

ते गेले. पलीकडच्या खोलीचे दार वाजले. राधाबाई भिंतीला टेकून खाली बसली. मी भुंग्याला बराच वेळ सोडले नाही. त्याने माझा हात चाटला नाही, पण ओढूनही घेतले नाही अंग.

ता. १९ जानेवारी, गुरुवार

दोन तास संचारबंदी उठली. गंगाधरकडे कोणाला पाठवणे शक्य नव्हते. मी इस्पितळात गेलो. फाटकाजवळ भिंतीवर नावांची यादी लावली होती. लोक बोट फिरवत नावे वाचत होते आणि आपल्या माणसाचे नाव नाही असे पाहून मागे सरत होते, मागच्याला जागा देत होते. मी दोनदा वाचली. तळाला तीन ठिकाणी नुसते 'अनोळखी, पुरुष' होते. एका ठिकाणी 'अनोळखी, स्त्री'.

तिथला माणूस म्हणाला, "चाळिशीच्या बाई आहेत." मी हात जोडले. मग कोणाची तरी चाळिशीची बाई म्हणून हात जोडले याची लाज वाटली.

ता. २१ जानेवारी, शनिवार

लवू आला. वरळीहून गिरगावात, गल्लीबोळांतून चालत. खोलीत आला नाही, उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"भाऊसाहेब, ताई आमच्याकडं आहेत. मंगळवारपासून. पायावर अश्रुधुराचं नळकांडं बसलंय, घोटा सुजलाय. बाकी काय नाय. आधी येणार होतो, पण रस्ता मिळेना."

राधाबाई रडू लागली. मग तिने भांडे भरून पाणी आणले आणि त्याच्या हातात दिले.

आमच्या कचेरीत लवूसाठी वेगळे मडके आहे. त्याच्या हातचे पाणी आम्ही कोणी पीत नाही. हे मी या वहीत कधी लिहिले नव्हते, कारण लिहिण्यासारखे वाटलेच नव्हते. माझी मुलगी पाच दिवस त्याच्या घरचे जेवते आहे.

ता. २३ जानेवारी, सोमवार

कालची हकीकत.

सकाळी निघताना राधाबाईने बकुळेचे लुगडे आणि तिळगूळ पिशवीत घातला. म्हणाली, "उशीर झाला तर तिथंच राहा. तिला एकटी टाकून येऊ नका." मग म्हणाली, "त्या कागदांचं काय? जाळू?"

मी तोवर त्यातला एक वाचला होता. म्हटले, "पिशवीत घाल. लुगड्याच्या खाली." का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. आपल्या मुलीची वस्तू तिला न विचारता जाळू नये, असे काहीसे वाटले.

परळच्या पुलाजवळ पोलीस शिपायाने अडवले. पिशवीत काठी घातली. लुगड्याचा पदर काठीला अडकून वर आला.

"काय आहे?"

"मुलगी आजारी आहे. तिचे कपडे."

तो माझ्या टोपीकडे, कोटाकडे पाहून म्हणाला, "जावा."

लवूची खोली आमच्या बाहेरच्या खोलीएवढी. बकुळा जमिनीवर वाकळीवर बसली होती, घोट्याला हळदीचा लेप. वाळली आहे. मला पाहून उठली नाही.

"चल," मी म्हणालो. "आई वाट बघते."

"मी येणार नाही, अप्पा." आवाज शांत होता. "त्या दिवशी तुम्ही हाक मारलीत, तशी लगेच आले होते."

रमाबाई चुलीशी होत्या. त्यांनी पाठ फिरवली, म्हणजे मला बोलता यावे म्हणून. मी खाली बसलो. पिशवीतून लुगडे काढले, तिळगूळ काढला आणि मग गठ्ठा काढून तिच्यापुढे ठेवला.

तिचा चेहरा पांढरा पडला. "हे तुम्ही रस्त्यानं आणलंत?"

"हो."

"वाचलंत?"

"वाचलं."

"मग?"

"मथळ्यातच चूक आहे," मी म्हणालो. "मुंबईवरचा अनुस्वार राहिलाय."

तिने झडप घालून वरचा कागद उचलला. मग दुसरा, मग मधलाच एक. "अगं बाई! सगळ्यांवर! स्टेन्सिल मीच काढली होती." आणि ती हसायला लागली. हसता हसता तोंडावर कागद धरला आणि कागद हलत राहिला.

मी खिशातले पेन काढले. रमाबाईंनी पाट सरकवून दिला. लवूने कुठून तरी शिसपेन्सिलीचे दोन तुकडे आणले. रमाबाई जवळ येऊन म्हणाल्या, "मला लिहायला येत नाय. पण टिंब कुठं द्यायचं तेवढं दाखवा, मी पण देते." मी दाखवले. पहिल्या 'म'च्या डोक्यावर. त्यांनी फार जपून दिला, कुंकू लावावे तसा. मग चहा ठेवला. कपबशी माझ्यापुढे ठेवताना जरा थांबल्या. मी उचलून घेतली.

बकुळा माझ्याशी बोलली नाही फारसे. मधेच म्हणाली, "भुंग्या कसाय?"

"कोचावर झोपतो," मी सांगितले.

संचारबंदी सहाला लागणार होती. साडेपाच वाजले तेव्हा अजून साठ-सत्तर कागद बाकी होते. लवू दाराबाहेर डोकावून आला.

"भाऊसाहेब, निघायला पायजे आता."

मी म्हणालो, "एवढे संपवू."